बदलीचं रक्त

आमच्या कारखान्यात ‘लिफ्ट टाळा, जिना चढा’ असं पोस्टर लागलं, तेव्हाच मी ओळखलं की हे खूळ आता आमच्या डोक्यावर बसणार. तलासरीजवळची पत्र्याची बैठी शेड. लिफ्ट सोडा, जिनासुद्धा नव्हता. पण मुंबईच्या ऑफिसातून आलेल्या आरोग्यवाल्या मॅडमनी पोस्टरं छापूनच आणली होती, मग ती लावायला नकोत?

सोळा-सतरा सालची गोष्ट. मी लोडिंगचा सुपरवायझर. कँटीनमधला गोड चहा गेला, वडा गेला, उकडलेले मूग आले. मी आपला येतानाच चारोटीला थांबून वडा खाऊन घ्यायचो. पाळी सुरू व्हायच्या आधी गाणं लावून नाच. दिवसभर पोती उचलणाऱ्या माणसांना म्हणे व्यायाम कमी पडतो! साहेबांच्या मीटिंगला मात्र फरसाण आणि पेढे जातच होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला त्या बाईंचा आवाज ऐकला तरी तिडीक यायची.

मग रक्ततपासणी आली, ती नेमकी आवणीच्या दिवसांत. आवणी म्हणजे भाताची लावणी. सायवनकडची आमची माणसं तिला जाणारच, आणि जाताना घरातलं कुणीतरी बदली म्हणून पाठवणार. भाऊ भावाच्या पासवर येतो, त्याच्या जागी पोती उचलतो, हजेरी मूळ माणसाची लागते. कंपनीला पत्ता नसतो, आम्ही सांगत नाही. माझ्या एका लोडरचा धाकटा भाऊ असाच आला होता. रांग लागली तसा तोही उभा राहिला आणि थोरल्याच्या नावाने रक्त देऊन गेला. त्याच्या मते तेही कामच.

रिपोर्टात थोरल्याच्या नावावर साखर निघाली, तीही भरपूर. मॅडमनी त्याला समोर बसवून झापलं आणि कंपनीच्या डॉक्टरकडून फुकट गोळ्या सुरू करून दिल्या. तो तडक माझ्याकडे आला.

“साहेब, त्या दिवशी मी आवणीला होतो. मला काय नाय.” तो हसला आणि हसता हसता थांबला. “म्हणजे ती भावाला हाय.”

मॅडमना खरं सांगावं, तर बदलीचा प्रकार उघड होऊन त्याचं काम जाणार. सरकारी दवाखान्यात चल म्हटलं, तर धाकटा ऐकेना. काही दुखत नाही तर दवाखाना कशाला, म्हणायचा. थोरल्याने हातावर ठेवलेली गोळी मात्र निमूट गिळायचा. तेव्हा थोरल्याने वाट काढली. इतके दिवस भाऊ त्याच्या जागी पोती उचलत होता, आता हा भावाच्या जागी आजारी झाला. मॅडमच्या व्याख्यानाला बाकी सगळे पेंगायचे. हा पहिल्या रांगेत बसून कान देऊन ऐकायचा आणि घरी जाऊन सगळं भावाला सांगायचा. धाकट्याच्या पायाला एक जुनी जखम होती, काही केल्या भरत नव्हती. ती हळूहळू सुकायला लागली.

दिवाळीनंतर पुन्हा तपासणी झाली. या वेळी रक्त थोरल्याचं स्वतःचं होतं, ते चोख निघालं. झालं! मॅडमना आकाश ठेंगणं झालं. मूग, नाच आणि पोस्टर यांनी एक माणूस बरा केला होता. मुंबईचे मोठे साहेब आले, शेडमध्येच सत्कार ठेवला, शाल-श्रीफळ दिलं. मी दाराशी उभा राहून दात-ओठ खात होतो. एवढ्या महिन्यांत त्याच्या घरी कोण कोण आहे, हेसुद्धा यातल्या कुणी विचारलं नव्हतं.

दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. त्याने शाल सावरली आणि माइकवर एवढंच विचारलं, “मॅडम, गोळ्या चालू राहतील ना?”

सगळी शेड हसली.

“अहो, आता तुम्हाला गोळ्यांची गरजच नाही!” मॅडम म्हणाल्या, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेर ट्रकवर, सत्कारापुरता त्याच्या जागी आलेला धाकटा पोती चढवत होता. आतल्या टाळ्या ऐकून त्याने पाठीवरचं पोतं खाली ठेवलं आणि भावासाठी त्यानेही टाळ्या वाजवल्या.