खंडेनवमीला एकवीस नंबरचा पाना

माझ्या गाडीच्या उजव्या पुढच्या चाकाच्या आत दोन बोल्ट हुते, जे मी नुसते हातानं आवळलेले, आणि त्याच गाडीत आई-आप्पा बसून निपाणीला निघालेले. चालवत मीच हुतो. आणि मला माहीत हुतं. विसरलो बिसरलो काय न्हाय, आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझी बाजू घ्यायला जाऊ नका.

गाडी म्हणजे पंधरा वर्षं जुनी टर्बो पेट्रोल. तिच्या काळात लई पळायची, आता लोक विचारतात हिचे पार्ट मिळतात का अजून. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांकडनं आणली तेव्हा टर्बोचा पाईप फाटलेला, पुढचे बुश गेलेले, एसी म्हणजे नुसता आवाज. आठ महिने एकेक काढलं, एकेक बसवलं. वडगावात आमच्या घराच्या खाली चार पावरलूम, आणि मागांच्या शेजारी जी जागा उरते ती माझी. साडीवर ऑइलचा एक थेंब पडला तर घरात काय होतंय ते मला विचारा. मध्ये आईनं जुन्या चादरीचा पडदाच लावला.

आप्पा ह्या गाडीत कधी बसले न्हवते. आठ महिन्यात एकदा पण न्हाय. कुणी विचारलं की पोरगा खाली काय खटखट करतोय, तर म्हणायचे, "एका भंगाराचं काढून दुसऱ्या भंगाराला लावालाय." खोटं न्हवतंच ते. ह्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचे पुढचे ब्रेक, मोठी डिस्क, मोठा कॅलिपर, मी स्क्रॅपातनं आणून बसवत हुतो. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही अंगानं दाबून चाक थांबवतो तो भाग. तो दोन बोल्टांवर लटकलेला असतोय. ते सुटले तर कॅलिपर फिरतो, चाकाच्या आत अडकतो, आणि चाक पळता पळता जागच्या जागी जाम. म्हणून ते बोल्ट मोजून आवळायचे असतात, टॉर्क रेंचनं. पाहिजे तेवढी ताकद लागली की तो रेंच स्वतःच 'कट्' करून सांगतो, बास.

डावं चाक पूर्ण झालं. उजव्याचे बोल्ट हातानं फिरवून बसवले आणि पाना घ्यायला हात मागं केला तर पाना न्हाय. आई सगळी हत्यारं बादलीत घालून न्यायलीती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात आदल्या दिवशी संध्याकाळी माग बंद होतात, मग मागाचे पाने, धोटे, कात्र्या, सगळं धुवून देवीपुढं पाटावर मांडायचं, हळदीकुंकू लावायचं, आणि दसऱ्याला सोनं लुटून घरी येईपर्यंत कशाला हात लावायचा न्हाय. माझा सॉकेट सेट, माझा टॉर्क रेंच, ते पण हत्यारच की. मी म्हटलं पाच मिनिटं दे. ती म्हणाली, तुझी पाच मिनिटं दुपारपासनं चाललीत.

मी पण जास्त ताणलं न्हाय, कारण नवमीला आम्ही काकांच्या गाडीनं जाणार हुतो. दसरा झाला की आवळू. पूजेला गाडी चार चाकांवर उभी पाहिजे म्हणून डिकीतल्या पान्यानं, तो चाकाच्या नटांनाच बसतो, चाक तेवढं लावलं आणि गाडी धुवून टाकली.

सकाळी काकांचा फोन. त्यांच्या सासरची माणसं आलीत, गाडीत जागा न्हाय. आता निपाणीत आत्याच्या घरच्या देवीला नवमीला आमच्याच मागावरची साडी जाते, बाराच्या आरतीच्या आत, दरवर्षी. आई म्हणाली बसनं जाऊ. आणि आप्पा साडीची पिशवी काखेत धरून माझ्या गाडीपुढं उभे. झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं बोट, चकाचक. जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "ही हाय की. ही चालत न्हाय काय?"

चार शब्द हुते फक्त. आप्पा, ब्रेक अर्धा हाय. एवढंच म्हणायचं हुतं. आणि मी म्हटलं, "चालती की. बसा."

चाकाखाली लिंबं चिरडली आणि निघालो. मनात एकच चाललेलं, की हातानं का असंना पण घट्ट फिरवलेत, हळू गेलं, ब्रेक कमी लावला, तर काय होत न्हाय. मी उद्यमबागेत सीएनसी मशीनवर काम करतो. तयार पार्टमध्ये केसाएवढा फरक आला तर मी तो बाजूला काढतो. तोच मी 'काय होत न्हाय' म्हणत स्टेअरिंग धरून बसलतो.

काकतीजवळ माळा घातलेला एक ट्रॅक्टर आडवा आला. ब्रेक लावला आणि टक्. एकदाच. उजव्या पायाच्या पुढं, खाली. गाडी उघडून बसणाऱ्याला ह्या आवाजाचं काय सांगावं लागत न्हाय. कॅलिपर जागेवरनं हलला आणि परत आला. म्हणजे बोल्ट फिरालेत.

तिथनं पुढं मी ब्रेकला पाय लावायचाच बंद केला. गिअर खाली टाकायचा, इंजिननं गाडी थोपवायची, अगदीच लागलं तर हँडब्रेक, कारण तो मागच्या चाकांना असतोय. एवढा मोठा हायवे आणि मी डाव्या कडेनं पन्नासनं. मागनं म्हशी भरलेला एक टेम्पो आला आणि हॉर्न मारून पुढं गेला.

"टर्बो म्हंजे ह्योच काय रं?" आप्पा म्हणाले.

"चालवू दे हळू," आई मागनं म्हणाली. "सणाचा दिस हाय."

टोल नाक्यावर थांबणं भागच हुतं. हँडब्रेक ओढला तरी शेवटी पाय टेकवावाच लागला. टक्, टक्. आता दोनदा. आप्पांनी माझ्या हाताकडं बघितलं, मग रस्त्याकडं. एसी चालू, तो पण मीच दुरुस्त केलेला, आणि माझी बनियन पाठीला चिकटलेली. डोक्यात एकच, तवंदीचा घाट. निपाणीच्या अलीकडं रस्ता खाली उतरतोय, पुढं ट्रक, मागं ट्रक, तिथं गिअरवर किती थोपवणार. आणि घाटाच्या आधी थांबून पाना मागायला शेवटचं मोठं गाव म्हणजे संकेश्वर.

संकेश्वरात गाडी आत घेतली. चहा घेऊया म्हटलं. आप्पा म्हणाले, देवी साडीची वाट बघालीया आणि तुला चहा सुचतोय. मग हवा बघतो म्हटलं आणि उतरलो. गॅरेजची रांगच हाय तिथं. सगळ्यांचे शटर अर्धे वर, दाराला केळीचे खांब, आणि आत धुतलेल्या फडक्यावर पाने, हातोड्या, जॅक, सगळे ओळीनं मांडून कुंकू लावून बसवलेले. माझ्या डोक्यात तोवर आलंच न्हवतं. आज फक्त आमच्या घरचे पाने पाटावर न्हवते, ह्या सगळ्या रस्त्यावरचे हुते.

पहिल्या गॅरेजात कोणच न्हाय. दुसऱ्यात साठीचे एक मेस्त्री, नवा पांढरा शर्ट, त्यांनी आधी माझ्या हातात चिरमुऱ्यांचा प्रसाद दिला. मी एकवीस नंबरचा पाना मागितला. दहा मिनिटं. मीच आवळतो, तुम्ही हात पण लावू नका.

"इवत्त मुट्टंगिल्ल," ते म्हणाले. आज हात लावायचा न्हाय. मी लावला काय आणि तू लावलास काय, हत्यार तेच. उद्या सोनं लुटून झालं की ये. मग चिरमुरे खात खात त्यांनी सहज विचारलं, एवढं काय अडलंय.

मी कन्नडमध्ये सांगून टाकलं. कसं काय माहीत न्हाय, मराठीत जे सकाळपासनं तोंडातनं निघत न्हवतं ते कन्नडमध्ये भडाभडा निघालं. की ब्रेकचे बोल्ट सैल हायेत, घरातनंच सैल हायेत, गाडीत आई-वडील हायेत आणि पुढं घाट हाय. मेस्त्री माझ्याकडं बघायचे सोडून माझ्या मागं बघायला लागले. आप्पा उभे हुते. त्यांचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं हाय.

"काकतीपासनं वाजालंय त्ये," आप्पा म्हणाले.

मला वाटलं आता कानाखाली बसणार. न्हाय बसली. ते म्हणाले, "मागाचा एक नट सैल झाला तर मी झोपेतनं उठतो, लेका. बघत हुतो कवा सांगतोस. हितनं पुढं तुला जाऊ देणारच न्हवतो."

आई पण उतरून आलती. तिला सगळं कळलं तेव्हा ती म्हणाली, मी बादली नेली तवा तोंड कुठं गेलतं तुझं? माझ्या मुठीत चिरमुरे तसेच.

मग आप्पांनी चपला काढल्या. मेस्त्रींना सांगितलं की आम्ही माग चालवणारी माणसं, आमची हत्यारं पण आज पाटावरच हायेत, जन्मात ह्या दिवशी हात लावलेला न्हाय. पण आत काय झालंय ते आज बघायलाच पाहिजे. मेस्त्रींनी लई वेळ विचार केला. शेवटी म्हणाले, मी देणार न्हाय. तुम्ही घ्या, तुमच्या हातानं. ठेवताना धुवून, कुंकू लावून ठेवा. आप्पांनी हात जोडले, एकवीस नंबरचा पाना उचलला, त्याच्यावरचं फूल शेजारच्या पान्यावर ठेवलं आणि पाना मला दिला.

डिकीतला जॅक लावून चाक काढलं. वरच्या बोल्टला बोट लावलं, तो फिरला. खालचा निम्मा बाहेर आलेला. आप्पा उकिडवे बसून बघत हुते, आई त्यांच्या मागं वाकून.

"बोटानं फिरालाय," आई म्हणाली.

मी आवळले. पान्यावर सगळा भार टाकून आवळले. मग आप्पांनी हात लावला, त्यांनी आणि थोडं पुढं नेलं. पाना धुवून, कुंकू लावून, फुलासकट जागेवर गेला. मेस्त्रींनी आप्पांना पण प्रसाद दिला. अकरा वाजत आलते.

"आता उतरंल घाट?" आप्पांनी विचारलं.

व्हय माझ्या जिभेच्या टोकावर आलतं. ते दार उघडून परत पुढं बसायला तयार हुते, मला दिसत हुतं. मी म्हटलं, "हाताला घट्ट वाटालंय. पण सैल बोल्टावर गाडी एवढी आलीया, बोल्ट ज्यात फिरतो त्या आतल्या आट्यांनी मार खाल्लाय का ते मला दिसत न्हाय. तुम्ही दोघं बसनं जावा. मी एकटा हळू उतरतो."

आप्पांनी मान हलवली. पण आई माझ्याकडंच बघत राहिली. "आमाला नको असली गाडी तुला कशी चालती?"

मी म्हटलं, अगं मी जपून नेतो.

"सकाळपासनं जपूनच आणलास की," ती म्हणाली आणि हात पुढं केला. "किल्ली दे."

गाडी तिथंच मेस्त्रींच्या दारात ठेवली, माळेसकट. बसमध्ये आप्पा साडीची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीला बसले. घाट आला तेव्हा बस ट्रकांच्या मागं कण्हत उतरत हुती आणि मी प्रत्येक वळणाला नुसताच पाय दाबत हुतो, पायाखाली काय नसताना. आरती होऊन गेलती. आत्या रुसली, मग साडीचा काठ बघून जरा निवळली. जेवताना आप्पांनी सगळ्यांना सगळं सांगितलं, टेम्पोतल्या म्हशींसकट. आत्याची पोरं अजून मला फोन केला की आधी हंबरतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पिशवीत टॉर्क रेंच घालून मी संकेश्वरची बस पकडली. आप्पा पण आले. चल म्हटलं न्हवतं मी, तेच चपला घालून उभे. चाक काढलं. वरच्या बोल्टला रेंच लावला, थोडा फिरला आणि कट्. बरं वाटलं. खालच्याला लावला. फिरला. अजून फिरला. मी थांबलो, परत लावला. तो लोण्यात फिरल्यासारखा फिरतच राहिला. कट् झालाच न्हाय.

बोल्ट बाहेर काढला तर आतल्या आट्यांची चकाकती तार स्प्रिंगसारखी त्याला गुंडाळून आलेली. मेस्त्री आले, त्यांनी हातात घेऊन बघितलं, आप्पांकडं दिला. आप्पांनी तो तळहातावर धरला. मी तिथंच मातीत बसलो. घाटात मी एकटा असतो आणि पुढच्या ट्रकनं ब्रेक लावला असता, ह्याच्या पुढं माझं डोकं जाईना.

मेस्त्री म्हणाले, नवे आटे पाडून देतो, चार दिवस लागतील. आप्पांनी बोल्ट माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "तुझ्या आईला सांगायचं?"

"मी सांगतो," म्हटलं, आणि तिथनंच फोन लावला. काय लपवलं न्हाय. बोल्ट आवळला जातच न्हाय, आटेच निघालेत, तू किल्ली मागितलीस म्हणून बरं, सगळं. फोनमध्ये तिच्या मागनं घरचे माग सुरू झालेले ऐकू येत हुते. तिनं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि डाव्या चाकाचं बघितलंस काय?"

मी म्हटलं, ते त्या दिवशी रेंचनंच आवळलेलं, ते पक्कं हाय.

"बघितलंस काय?"

न्हवतं बघितलं. फोन चालूच ठेवून खिशात टाकला आणि जॅक डावीकडं ओढला. आप्पा आधीच त्या चाकाचे नट काढायला बसलते.