सरांच्या बरणीतला ध्रुवप्रकाश

आगरदांड्याच्या जेट्टीपासून अलिबागच्या कोर्टापर्यंत शोधलंत, तरी स्वतःच्याच लढाईत इतका निरुपयोगी माणूस आमच्या फिजिक्सच्या सरांशिवाय दुसरा सापडणार नाही. संस्थेने त्यांची प्रयोगशाळा हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गाला द्यायचं ठरवलं, तेव्हा मी, त्यांचा जुना विद्यार्थी आणि आता चळवळीतला कार्यकर्ता, ‘प्रयोगशाळा वाचवा’ असं पत्रक लिहून त्यांच्या सहीसाठी गेलो. सरांनी लाल पेन काढलं. मी लिहिलं होतं, ‘सर मुलांना ध्रुवप्रकाशाचा चमत्कार दाखवतात.’ सर म्हणाले, “चमत्कार काढ, मग सही. विद्युतभारित कण येऊन हवेवर आदळतात, एवढंच आहे ते.” “सर, एवढंच वाचून रस्त्यावर कोण उतरेल?” “मग नका उतरू.” झालं आंदोलन.

त्यांचं यंत्र म्हणजे काचेची भलीमोठी बरणी आणि आत टांगलेला, पोटात चुंबक असलेला गोळा. पंपाने हवा काढायची, वीज सोडायची, की पृथ्वीच्या ध्रुवांवर रात्री आकाशात दिसतं तसं, गोळ्याच्या ध्रुवाभोवती प्रकाशाचं कडं उमटतं. गुरू-शनीवरही असंच दिसतं, असं सर सांगत. नुसतं सांगतच, कारण बरणी गळकी. एकदा कोळीवाड्यातली एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आमच्या होडीत पाणी शिरत न्हाय, तुमच्या बरणीत हवा कशी शिरते?” आणि दुसऱ्या दिवशी होडीच्या फटीत भरतात तो कापूस माशाच्या तेलात बुडवून घेऊन आली. शहाण्या माणसाने तो डब्यासकट परत पाठवला असता. सरांनी बरणीच्या बुडाला दोन बोटं जाड थापला. बाहेरची हवा थांबली, पण आत तेलाचीच वाफ सुटू लागली, आणि महिनाभर आमचा शनी सुक्या बोंबलासारखा घमघमत राहिला. “चूक नाही, निरीक्षण!” असं म्हणत सरांनी त्या मुलीला ते वहीत लिहायला लावलं. मग दोघांनी सगळं खरवडून नवं रबर बसवलं.

संस्थेचे अध्यक्ष पाहायला येणार, त्यांना आवडलं तर खोली राहील, असं ठरलं. खिडक्यांना होडीवरच्या ताडपत्र्या लागल्या, अंधार झाला आणि अध्यक्षांची गाडी फाटकात शिरली तेव्हाच ते कडं एकदाचं उमटलं. सर दारात आडवे उभे. “साहेब, आधी मुलं. ही पोरगी पहिली. तुमचा नंबर नववा.” अध्यक्ष तिसऱ्या नंबरापर्यंत थांबले आणि गाडीत बसून निघून गेले. मी भडकलो, “सर, खोली घालवलीत तुम्ही!” सर शांतपणे म्हणाले, “साहेब गेले ना? मग त्यांचा नंबर तुझा. ये.”

आत गेलो. काळोखात एक जांभळं कडं हलकेच थरथरत होतं. शेजारी ती कोळीवाड्यातली मुलगी श्वास रोखून उभी होती; तिचा नंबर कधीच होऊन गेला होता, पण तिला बाहेर जा म्हणायला सर विसरले होते.

त्या दुपारी मी पत्रक पुन्हा लिहिलं. ‘चमत्कार’ खोडला, दुसरा शब्द काही सापडेना, म्हणून जागा कोरी सोडली. सरांनी नेमकी त्या कोऱ्या जागेवर सही केली.

खोली गेलीच. तिथे आता मुलं नॅपकिनचे हंस करायला शिकतात. हजारो पत्रकं वाटली मी आजवर. ते एक मात्र अजून माझ्याकडेच आहे.