समोरचे खिळे

मिस्त्रीचा धंदा घरं बांधण्याचा. पण त्याच्या गावात घर बांधणं म्हणजे खरोखरच बांधणं, दोरीने. नदी दर दोन-चार वर्षांनी काठ खायची, म्हणून तिथे घराला कोणी खिळा मारत नसे. लाकडी खांब, बांबूच्या भिंती, वर पत्रे, सगळं गाठींवर उभं. काठ खचायला लागला की गाठी सोडायच्या, घर डोक्यावर घ्यायचं आणि मागे नेऊन पुन्हा उभं करायचं. ज्याच्या घराला खिळे, तो माणूस स्थिरावला, अशी तिथली समजूत होती. मिस्त्री तोंडाने फटकळ, पण हात गुणी. त्याने मारलेली गाठ वादळात सुटत नसे, आणि कमरेला लावलेला लोखंडी आकडा घातला की लगेच सुटे.

त्याची इच्छा एकच होती. थोरल्या मुलीने आईसारखं घर डोक्यावर वाहू नये. पत्रे वाहून वाहून बायकोची मान एका बाजूला कायमची कलली होती. त्यामुळे समोरच्याचं बोलणं तिला पटत नाही असं सतत वाटे. मिस्त्रीच्या बाबतीत ते बहुधा खरंही असे.

अशात थोरलीला स्थळ आलं, तेही पलीकडच्या काठावरून. पलीकडे म्हणजे दुसरा देश. झेंडा वेगळा, नाणी वेगळी, नावेतून उतरलं की शिपायाला कागद दाखवायचा. मधल्या वाळूच्या बेटावर दोन्हीकडची माणसं उन्हाळ्यात कलिंगडं लावत, तिथे थोरलीची आणि त्या मुलाची ओळख झाली होती. मिस्त्रीने जन्मात पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, पण त्या लोकांबद्दल त्याला सगळं ठाऊक होतं. आळशी, तोंडाळ आणि ऐतखाऊ, कारण नदी आमची माती खाते आणि त्यांच्या काठाला नेऊन घालते.

"तरी घर पक्कं असेल तर देऊ," तो बायकोला म्हणाला. "मला खिळा दिसला पाहिजे."

पलीकडे उतरल्यावर तो जरा हिरमुसलाच. नावं ठेवावीत असं नवीन काही सापडेना. घरांच्या पाठी नदीकडे, आपल्या गावासारख्याच. शाळासुद्धा दोरीने बांधलेली. गावात तरणी पोरं दिसेनात. इकडची पोरं इकडच्या राजधानीत विटा वाहायला जात, तिकडची तिकडच्या.

"बँकवाले दारात उभं करत नाहीत," मुलाचे वडील वाटेत सांगत होते. "म्हणतात, पुढच्या वर्षी घर कुठे असेल ते आधी सांगा."

मिस्त्रीला हसू आलं. आपल्या बँकेतल्या साहेबानेही त्याला हेच ऐकवलं होतं.

मग घर आलं. समोरच्या खांबांमध्ये ओळीने खिळे ठोकलेले! मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. तो जवळ गेला, खांबावरून हात फिरवला, आणि हात तिथेच थांबला. खांब जुने, काळवंडलेले, त्यांच्यावर दोरीचे वळ उठलेले. खिळ्यांची डोकी मात्र चकचकीत होती.

हात धुवायचं निमित्त करून तो घरामागे गेला. मागे एकही खिळा नव्हता, सगळ्या गाठीच.

त्याला हे ओळखायला वेळ लागला नाही, कारण हीच युक्ती त्याने स्वतः केली होती. लग्न ठरताना होणारे सासरे घर बघायला येणार म्हणून त्याने आदल्या दिवशी समोरच्या खांबांना खिळे ठोकले होते. म्हाताऱ्याला कसं बनवलं, हे तो आजही चारचौघांत रंगवून सांगे.

मुलाचे वडील मागोमाग आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"समोरून पक्कं आहे," ते कसेबसे म्हणाले.

"दिसतंय," मिस्त्री म्हणाला. कोपऱ्यातली एक गाठ सैल होती. त्याने आकडा घालून ती सोडली आणि नव्याने आवळून बांधली. "काठ कधी सरकला शेवटचा?"

"गेल्या वर्षी." त्यांनी नदीकडे पाहिलं. "यंदाही सरकेल."

मिस्त्री संध्याकाळी परतला तेव्हा बायको आणि थोरली नावेच्या धक्क्यावर वाट बघत होत्या.

"खिळे आहेत?" बायकोने विचारलं.

"आहेत." तो पायांकडे बघत म्हणाला.

"माझे बाबाही तुमचं घर बघून आले, तेव्हा असंच खाली बघून 'आहेत' म्हणाले होते."

म्हणजे म्हाताऱ्याला कळलं होतं. हिलाही कळलं होतं, आणि तरी ही आली होती. तिच्या कललेल्या मानेकडे त्याला बघवेना.

"बाबा," थोरली म्हणाली, "गाठी कशा आहेत?"

"गाठी?" त्याने थोरलीकडे पाहिलं. "चांगल्या आहेत. आपल्यासारख्याच. एक सैल होती, ती मी बांधून आलो."

"मग चालेल मला."

मिस्त्रीला भडभडून आलं. एकच गोष्ट मागितली होती त्याने, आणि ती या काठावरही नव्हती, त्या काठावरही नव्हती. त्याने कमरेचा आकडा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि थोरलीच्या हातात ठेवला.

"हा तिकडे घेऊन जा," तो म्हणाला. "यंदाच लागेल."