फुईचा नवस आणि आबांचं सायन्स

आमच्या घरच्या किश्श्यांचं गोधडीसारखं आहे. एकानं चिंधी जोडली की दुसरा आपली पुढे करतोच! आणि सगळ्यात जास्त चिंध्या निघाल्या त्या तोरणमाळच्या एकाच फेरीतून.

इंग्रजांचं राज्य होतं. मी तेरा वर्षांची. माझे वडील, आबा, मोठ्या तापातून नुकतेच उठले होते. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी फुई, हिनं नवस बोलला होता: भाऊ बरा झाला तर अनवाणी तोरणमाळ चढेन, गोरखनाथाला नारळ वाहीन.

आबांचा देवावर काडीचा विश्वास नाही. "मन्हा ताप डाक्टरनी उतारा!"

"आन् डाक्टरले कोनी धाडा?" फुई म्हणाली.

झालं! आमच्या कळसाडी गावाहून बैलगाडी निघाली. आबा, माय, फुई आणि मी. पायथ्याशी रुमशा नावाचा पावरा आदिवासी वाटाड्या सोबत घेतला.

* * *

पायथ्याला फुईनं वहाणा काढल्या. "देव मन्हा पायखालला काटा वेची ली."

दहा पावलं गेलो नाही तोच फुई किंचाळली. बाभळीचा काटा, चांगला बोटभर! ती मटकन खाली बसली. रुमशा तिचा पाय मांडीवर घेऊन काटा काढू लागला.

आबांना आयतंच सापडलं. "कोठे गया तुन्हा देव?"

"दिखत नई का? मन्हा पायशीच त बठेल शे!"

रुमशानं दचकून मागे वळून पाहिलं.

* * *

अर्ध्या चढावर झुडपात काहीतरी घुरघुरलं. मायनं मला कवटाळलं, फुईनं रामनाम सुरू केलं. आणि आबा? आबा झाडावर! कधी चढले, कसे चढले, कुणालाच कळलं नाही. वरून त्यांचा थरथरता आवाज येत होता:

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

देवाचं एकही नाव पाठ नाही, माणूस करणार काय? झुडपातून एक रानडुक्कर निघालं आणि खाली पळालं.

"उतर भाऊ," फुई म्हणाली, "देव पाढाबी ऐकस!"

* * *

वर पठारावर दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं. रुमशा उजवीकडे निघाला, आबांनी त्याला थांबवलं. खिशातून होकायंत्र काढलं. "हाई सायन्स शे! चला मन्हा मांगे."

चाललो. एका वाकड्या मोहाच्या झाडाजवळून गेलो. पुन्हा चाललो, पुन्हा तोच मोह. तिसऱ्यांदा तोच मोह आला तेव्हा माय हसत हसत खालीच बसली.

आबा रुमशावर भडकले. "तुले वाट माहीत शे ना? मंग बोलना का नई?"

रुमशा शांतपणे म्हणाला, "तुमना देव त्या डबीमा शे. दुसराना देवले नाव ठेवानं नई."

* * *

आणि आता तो ओढ्याचा किस्सा. फुईनं घरचा पितळी बाळकृष्ण सोबत आणला होता. रोज अंघोळ घालायची. दर्शन झालं, परतताना ओढ्यावर थांबलो, आणि अंघोळ घालताना बाळकृष्ण तिच्या हातातून निसटला. डुबुक!

फुई रडत पाण्यात शिरली. मी, माय, सगळेच चाचपू लागलो. रुमशानं विचारलं, "कशा दिखस तो?"

"रांगता शे," फुई हुंदके देत म्हणाली, "हातमा लोणी."

"रांगता येस? मंग येई!" रुमशानं दिलासा दिला.

पण तो येईना. दोन तास झाले. पाणी बर्फासारखं. आमचे पाय बधिर झाले, आम्ही बाहेर आलो. आबा मात्र कमरेइतक्या पाण्यात, दात वाजतायत, ओठ निळे.

फुई काठावरून ओरडली, "भाऊ, बाहेर ये! परत ताप भरी. जाऊ दे त्या देवले, माले तू पाहिजे!"

"तू गप बठ!" म्हणून आबांनी बुडी मारली.

वर आले तेव्हा मुठीत चिखलाचा गोळा होता. काठावर बसून त्यांनी तो पाण्यानं धुतला, आपल्या उपरण्यानं पुसला, नीट तळहातावर ठेवला. आणि डोळे वटारून त्याच्यावर खेकसले,

"पव्हता येस नई, त पानीमा कसाले उतरना रे?"