पाठमोरे साडू

माझे थोरले साडू साक्षात मारुतीसमोर उभे राहिले, तरी हात जोडण्याआधी त्याचं कोपर तपासतील. रोहण्याच्या देवळात मी त्यांना पुटपुटताना ऐकलंय, "देवाच्या खांद्यावर लय जोर येऊन राह्यला." गावातल्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवणं, त्यातही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, घडवणं, हा त्यांचा जुना नाद. चेंडू खालून, कमरेजवळून, मनगटाच्या झटक्यासरशी सुटला पाहिजे, या एका तत्त्वावर हा माणूस जगतो. अल्लीपूरच्या एका लग्नात शेवटच्या रांगेतून त्यांनी अक्षताही तशाच सोडल्या. त्या नवरानवरीला ओलांडून थेट भटजींच्या चष्म्यावर गेल्या. भटजी मंगलाष्टक विसरले आणि साडू मला म्हणाले, "पाह्यलं? खांदा हाललाच नाई."

शिकवण्याची तऱ्हा त्याहून न्यारी. पहिला महिनाभर मुलींना चेंडू मिळतच नाही. मोज्यात घरचा कापूस कोंबून केलेला गोळा मिळतो, आणि तो शाळेच्या भिंतीला खेटून उभं राहून टाकायचा. हात कानाजवळून वर, मांडीजवळून खाली. जरा बाहेर गेला की भिंत बोटं सोलते. पुढे चेंडू हाती आला की साडू पाठ फिरवून उभे राहतात आणि तो ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज ऐकून चूक सांगतात. चूक नसेल तर "आला आवाज" एवढंच म्हणतात. त्या दोन शब्दांसाठी मुली उन्हातान्हात मरमर करतात.

माझ्या मुलीच्या, समीक्षाच्या, बाबतीत तर त्यांनी हद्द केली. जिल्ह्याच्या निवडीला आठ दिवस उरले होते. पाठमोऱ्या साडूंनी नुसत्या आवाजावरून ओळखलं, की तिचा खांदा दुखतोय आणि ती लपवतेय. त्यांनी तिचा चेंडू काढून घेतला आणि हातात पुन्हा मोजा दिला. पोरगी रडून बेजार. मी तावातावाने भांडायला गेलो.

"निवड पुढच्या साली बी होईन," ते कापूस कोंबत म्हणाले. "पोरीले खांदा दुसरा भेटते काय?"

मी वर्षभर त्यांच्याशी धड बोललो नाही. पुढच्या साली तिची निवड झाली, तेव्हा पेढे घेऊन मीच आधी त्यांच्याकडे पळालो.

यंदा दिवाळीत ती नागपूरच्या कॉलेजातून घरी आली. अंगणात ग्लोव्ह घालून मी बसलो, साडू सवयीने पाठ फिरवून उभे. एकामागून एक चेंडू माझ्या हातात आदळत होते, पण ते गप्पच. शेवटी माझ्याकडे वाकून कुजबुजले, "मले हल्ली ऐकू येत नाई. पोरीले सांगू नका." कमी ऐकू येणाऱ्याची कुजबुज ती, चार घरं पलीकडे गेली असेल.

समीक्षाने माझा ग्लोव्ह काढून त्यांच्या हातात चढवला, खांदे धरून त्यांना आपल्याकडे वळवलं आणि पाच पावलांवरून अलगद चेंडू सोडला. तो बरोबर तळहातात बसला. साडूंनी ग्लोव्ह मिटून क्षणभर छातीशी धरला.

"आला आवाज," ते म्हणाले.