पडद्याचं कापड

गुलमंडीत माझं कापडाचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर एक म्हातारा बरीच वर्षं झोपायचा. दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले, त्यामुळं हातांवर सरकत चालायचा. पण ऐट घरमालकाची. सकाळी मी शटर उघडायला गेलो की अंथरूण गुंडाळत म्हणायचा, "आज लई लवकर, शेठ. झोप झाली नाय वाटतं?" आणि मीच ओशाळायचो.

मग बेघर अपंगांसाठी घरं बांधायला सरकारचा निधी मंजूर झाला. तिथं मदतीला माणूसही असणार होता. म्हाताऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "बघू. जागा पसंत पडली तर जाऊ." पुढं बांधकाम रखडलं, तसा तो माझ्या गिऱ्हाइकांना सांगू लागला, "आमच्या घराचं काम चालू हाय. गवंडी लई आळशी."

अखेर खोली मिळाली आणि तो गेला. पायरी मोकळी झाली, तरी मी सवयीनं कडेकडेनंच चढायचो.

आठवड्याभरानं तो रिक्षातून आला, धुतलेला शर्ट घालून. त्याला खिडकीसाठी पडदा हवा होता. त्यानं निम्मं दुकान उलगडायला लावलं. हे पातळ, ते भडक. शेवटी मी वैतागून म्हणालो, "काका, तुमच्या खोलीत डोकावणार कोण?"

तो कापड उजेडात धरून आरपार बघत होता. म्हणाला, "इतकी वर्षं सारी गुलमंडी मला झोपलेलं बघत होती, शेठ. आता बास झालं. जाड दाखवा."