टाकीखालचं ताट

दमयंतीबाईंच्या मांडणीवरचं एक स्टीलचं ताट नाहीसं झालं, तेव्हा त्यांनी आधी भांडी घासणाऱ्या कडूबाईला हटकलं.

"मला काय इचारता बाई? गच्चीवर जाऊन बगा. साहेबांनी त्याला मधोमध भोक पाडलंय!"

ताट लग्नातलं होतं. काठावर बारीक ठिपक्यांनी 'चि. सौ. कां. दमयंती हिस मावशीकडून' असं घातलेलं. आता ते जिन्यावरच्या छोट्या स्लॅबवर उताणं पडलं होतं आणि वैजनाथराव त्याच्या भोकातून वायर ओवत होते. ताटावर तांब्याची चौकोनी पट्टी, वर पावसापासून आडोसा म्हणून श्रीखंडाचा रिकामा डबा.

"अहो, दुसरं ताट नव्हतं?"

"याचा तळ अगदी सपाट आहे," ते डोकं वर न करता म्हणाले.

वैजनाथरावांची उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तिथली सगळी यंत्रं एका घड्याळाच्या तालावर चालायची. निवृत्त झाल्यावर त्यांना त्या घड्याळाची आठवण यायची, तशी माणसांचीही येत नसे. उपग्रहांवरून अचूक वेळ घेता येते हे वाचल्यावर त्यांनी घरीच अँटेना बनवायला घेतले. बरेच फसले. एकावर कारल्याचा वेल चढला, एक कपडे वाळत घालायच्या कामी आला. पण ताटाचा अँटेना लागू पडला. बैठकीतल्या पेटीवर सेकंदागणिक हिरवा दिवा लुकलुकू लागला. उपग्रह दिसेनासे झाले की तो लाल व्हायचा.

"सेकंदाच्या कोटीव्या भागाचा हिशेब ठेवता," दमयंतीबाई म्हणायच्या, "आणि चहाला हाक मारली की अर्ध्या तासानं येता!"

बीड बायपासला त्यांनी घर बांधलं तेव्हा गच्चीवरून जवळच्या सातारा गावाचा डोंगर आणि मोकळं आभाळ दिसायचं. मग शेजारी इमारती उठल्या. आधी डोंगर गेला, मग दोन्ही बाजूंचं आभाळ. शेवटी डोक्यावरचा पट्टा तेवढा उरला. वैजनाथराव म्हणायचे, "एक उपग्रह दिसला तरी वेळेपुरतं भागतं."

त्यातच दुष्काळ पडला. बोअर आटली. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून दुसरी मोठी टाकी घेणं भाग होतं. प्लंबर पुंजारामनं गच्ची फिरून पाहिली आणि बोट दाखवलं ते जिन्यावरच्या स्लॅबकडेच.

"साहेब, खाली कॉलम हायेत ते इथंच. दुसरीकडं ठिवली तर एवढं वजन झेपायचं नाय."

वैजनाथरावांनी मान वर करून आभाळाचा पट्टा पाहिला. अँटेना खाली आणला तर भिंतींशिवाय काही दिसणार नव्हतं, आणि टाकीच्या घुमटाकार झाकणावर ताट टिकलं नसतं. पण पाणी दमयंतीबाईंनाच भरावं लागे, कळशा त्यांच्याच कमरेवर असत. शेवटी तेच म्हणाले, "ठेव इथंच. फक्त ताट हलवू नकोस. स्टँडखाली राहू दे."

टँकर आला, टाकी भरली आणि पेटीवरचा दिवा लाल झाला. वैजनाथरावांनी पेटीवर रुमाल टाकला. त्या दिवशी पहिल्यांदा ते हाकेसरशी चहाला आले, आणि दमयंतीबाईंना ते मुळीच आवडलं नाही.

तीन-चार दिवसांनी त्या केर काढत होत्या, तर रुमालाखाली हिरवं लुकलुकताना दिसलं.

"अहो! लवकर या!"

वैजनाथराव धावत आले, पाहतच राहिले. "दिसायला लागले! दमयंती, अगं, दिसायला लागले!"

तेवढ्यात मोरीतून कडूबाई ओरडली, "बाई, नळाला पाणी नाय!"

वैजनाथराव वर गेले, टाकीवर थाप मारली आणि हसतच खाली आले. प्लॅस्टिक उपग्रहांना आडवं येत नव्हतं. आडवं येत होतं ते पाणी. टाकी भरली की लाल, रिकामी झाली की हिरवा.

"सगळ्या गावात हिरवा म्हंजी चला," कडूबाई म्हणाली. "आपल्या घरचा शिग्नल लई उलटा!"

तेव्हापासून धुणं भिजवण्याआधी दमयंतीबाई बैठकीकडे बघून विचारायच्या, "काय हो, हिरवा की लाल?" त्यांनी "हिरवा" म्हटलं की त्या कपाळाला हात लावायच्या. वैजनाथरावांचा चेहरा मात्र उजळलेला असायचा, आणि तो लपवायला ते लगेच टँकरवाल्याला फोन लावायचे.

वैजनाथराव जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पुढं पाऊस बरा झाला, बोअरला पाणी आलं. टाकी भरलेली असते, दिवा लाल असतो. पुंजाराम नळ दुरुस्त करायला आला की विचारतो, "बाई, ते ताट काढू का आता?" दमयंतीबाई म्हणतात, "असू दे."

फक्त मे महिन्यात एकदा त्या मोटर लावत नाहीत. टाकीतलं पाणी कारल्याच्या वेलाला सोडतात, उरलेलं कडूबाई गच्ची धुवायला घेते.

"बाई, टाकी खडखडीत झाली. लावू का मोटर?"

"थांब जरा."

बैठकीत दिवा हिरवा होतो. दमयंतीबाई खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ काढतात, दिव्याच्या लुकलुकण्याशी त्याचा सेकंदकाटा जुळवतात, पुन्हा टांगतात. मग दोन कप चहा टाकतात.

"कडूबाई," त्या हाक मारतात, "लाव आता मोटर. आणि चहाला ये. लगेच ये बरं!"